आधी शॉकअप, मग स्प्रिंगा

बांद्याहून आंबोलीला जाताना मी सावंतवाडीत शिरत नाही. वाफोली, विलवडे करत दाणोलीला निघतो आणि तिथून घाट चढतो. रविवारी पहाटे या रस्त्याला फारशी गर्दी नसते. याच रस्त्यासाठी मी 2015 सालची पोलो जीटी टीएसआय जुनी बघून घेतली. चाकणला बनलेली, 1.2 लिटरचं टर्बो इंजिन, 105 अश्वशक्ती. लहानपणी पत्रादेवीपलीकडे एकदा सॅन स्टॉर्म बघितली होती. गोव्यात बनलेली, दोन माणसांची, फायबरच्या बॉडीची. तेव्हापासून छोट्या, चपळ गाडीचं वेड डोक्यात होतं.

गाडी घेतली तेव्हा तिचं पासष्ट हजार किलोमीटर चालून झालं होतं. वळणात ती कलायची, ब्रेक मारला की नाक खाली घालायची. मला वाटलं, कंपनीने स्प्रिंगा मऊ दिल्यात. खरं तर स्प्रिंगा ठीक होत्या, शॉकअप थकले होते. हा फरक मला ओळखता आला नाही आणि पुढचं सगळं त्यातून घडलं.

गाडी 40 मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा मागवल्या. त्या एका मोठ्या शहरातल्या दुकानात बसवून घेतल्या. शॉकअप बदलायला हवेत का, असं विचारलं, तर उत्तर आलं, "ओके आहेत, गळत नाहीत." चाक आणि मडगार्ड यांच्यात जेमतेम तीन बोटं राहिली. दिसायला गाडी सुंदर झाली. महामार्गावर कुडाळपर्यंत चालवली तेव्हा पैसे सत्कारणी लागले असंच वाटलं. गुळगुळीत रस्ता कुठल्याही स्प्रिंगेला चांगलीच म्हणतो.

खरं काय ते जुलैत आंबोली उतरताना कळलं. डावं वळण होतं, वेग पन्नाशीच्या आत. पावसाने डांबर खरवडलेला एक तुकडा मागच्या चाकाखाली आला. खाली खाडकन आवाज झाला आणि गाडीचा मागचा भाग उचलून बाजूला पडला, अर्धी गाडी पलीकडच्या लेनमध्ये. समोरून भाजीचा टेम्पो चढत होता. त्या ड्रायव्हरने वेळेत ब्रेक मारला म्हणून आज हे लिहितो आहे. शेजारी माझी बायको होती. ती घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या बाजारातल्या जुन्या मिस्त्रीकाकांकडे गाडी नेली. त्यांनी मागचा शॉकअप सोडवून माझ्या हातात दिला. रबरी आवरण फाटलेलं, आतल्या, चाकाचा शेवटचा धक्का झेलणाऱ्या बंप स्टॉपचा चुरा झालेला. सीलमधून झिरपलेलं तेल आणि आपल्याकडची तांबडी धूळ मिळून दांड्याला गेरूसारखा लेप बसला होता. दांडा दाबून आत घातला तर तो तसाच आत राहिला. काका म्हणाले, "स्प्रिंग गाडी उचलता, शॉकअप स्प्रिंगेक आवरता. तू उचलणारो पैलवान आणलंस आणि आवरणारो म्हातारोच ठेवलंस."

यापेक्षा नेमकं मला आजही सांगता येत नाही. आकड्यांत सांगायचं तर असं : स्प्रिंग तीस टक्क्यांनी कडक केली, तर गाडीचं वरखाली झुलणं साधारण चौदा टक्क्यांनी जलद होतं. ते झुलणं पूर्वीइतकंच आवरायचं तर शॉकअपचा जोरही तेवढ्याच प्रमाणात वाढायला हवा. माझ्या गाडीत तो उलट कमी झाला होता. त्यात गाडी खाली बसवली म्हणजे चाकाला वर सरकायला ठेवलेली जागाच कापली गेली. ती जागा संपली की चाक बंप स्टॉपवर आपटतं, त्या चाकावरचा भार एका क्षणात वाढतो, टायरची पकड सुटते. वळणात हे झालं की गाडी आपल्या हातात राहत नाही. म्हणून "कडक गाडी रस्ता धरते" या बोलण्यावर विश्वास ठेवू नका. रस्ता धरतो तो टायर, आणि उखडलेल्या रस्त्यावर टायर जमिनीला टेकून राहायचा तर चाकाला वरखाली व्हायला मोकळीक लागते. कोकणात चार महिने पाऊस आणि आठ महिने चिऱ्यांचे ट्रक. शर्यतीच्या ट्रॅकसाठीचं माप इथे लावून चालणार नाही.

आता माझ्या गाडीला कंपनीच्याच मूळ स्प्रिंगा आहेत आणि चारही शॉकअप नवे, गॅसचे, मोनोट्यूब आहेत. या जातीत तेल आणि दाबाखालचा गॅस यांच्यामध्ये सरकणारा पिस्टन असतो. त्यामुळे लांब घाटात शॉकअप तापला तरी तेलाला फेस येत नाही. गाडी खाली न करताही तिचं कलणं आणि नाक घालणं निम्म्याहून कमी झालं. मला हवं होतं ते एवढंच होतं.

तुम्हीही गाडी खाली करायच्या वाटेने जाणार असाल तर आधी जुन्या शॉकअपची खरी अवस्था बघा. गळत नाही म्हणजे चांगला, असं नाही. दांड्याला प्लास्टिकची केबल टाय घट्ट बांधा, ती खाली सरकवून ठेवा आणि नेहमीच्या रस्त्यावर फिरून या. टाय कुठवर ढकलली गेली त्यावरून किती जागा उरते ते दिसतं. ती बंप स्टॉपला टेकली असेल तर त्या गाडीला खाली करायचा विचार सोडा.

स्प्रिंगा बदलायच्याच असतील तर त्यांच्या मापाचेच शॉकअप घ्या. बिलस्टीनसारख्या कंपन्या मूळ उंचीच्या स्प्रिंगेसाठी बी6 आणि आखूड स्प्रिंगेसाठी बी8 असे वेगळे शॉकअप काढतात, ते उगाच नाही. जॅकवर गाडी उचलली, चाक लोंबकळलं आणि स्प्रिंग आपल्या जागी सैल खुळखुळली, तर ती जोडी चुकली आहे. ती गाडी रस्त्यावर काढू नका. बसवताना वरचं माउंटिंग, त्यातलं बेअरिंग, बंप स्टॉप आणि रबरी आवरण नवंच टाका. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायला सांगा. चाकं लोंबकळत असताना आवळले, तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. नंतर अलाइनमेंट करा. मी ती टाळली आणि पुढच्या दोन्ही टायरची आतली कड सहा हजार किलोमीटरमध्ये तारेपर्यंत गेली. हेडलाइटचा झोतही पुन्हा लावून घ्या. दाबलेली स्प्रिंग घरच्या घरी सोडवू नका, ती सुटली तर माणूस मरतो.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल, दोन्ही गाडीच्या मूळ रचनेत केलेल्या बदलांबाबत कडक आहेत. विमा कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

आणि एक कराच. जो संच घेणार आहात, तो ज्याच्या गाडीला आहे त्याला गाठा आणि त्याच्या शेजारी बसून आपल्याच रस्त्यावरून फिरून या. महामार्गावर नको, दाणोलीच्या रस्त्याने. शक्यतो पावसात.