उघड्या दाराची राखण

सातारा, १८ फेब्रुवारी

चि. सायलीस,


काल रात्री तू फोन चिकूच्या तोंडाजवळ धरलास. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. श्वास आत ओढताना करवत चालल्यासारखी घरघर. दारात कुणी आलं की घर डोक्यावर घेणारा चिकू आता घोगरा झालाय, पाणी पिताना ठसकतो, जिन्यात मध्येच बसून राहतो, असं तू म्हणालीस. डॉक्टरांना लॅरिंजिअल पॅरालिसिसची शंका आहे आणि त्यांनी टाय-बॅकचं ऑपरेशन सुचवलंय. तू विचारलंस, "मामा, अकरा वर्षांच्या कुत्र्याला भूल द्यायची का?" त्याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो.

आधी त्याचं वय बाजूला ठेव. हे मी फार उशिरा शिकलो. आमचा राजा तुला आठवत असेल. तोही असाच घरघरायचा. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला, आयुष्यभर जनावरं तपासलेला मी, घरच्या कुत्र्याबद्दल मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो, "वय झालंय त्याचं." मे महिन्यातल्या एका दुपारी ओसरीवर त्याला धाप लागली, जीभ जांभळी पडली आणि दवाखाना गाठेपर्यंत तो गेला. वय झालंय म्हणून मी त्याचा घसा एकदाही तपासून घेतला नव्हता. ती दुपार तुझ्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी हे सगळं लिहितोय.

आजार नीट समजून घे, म्हणजे निर्णय सोपा जाईल. श्वासनलिकेच्या तोंडाशी दाराच्या दोन फळ्यांसारख्या दोन कूर्चा असतात. श्वास घेताना त्या उघडतात, घास गिळताना मिटतात. त्या उघडणाऱ्या स्नायूकडे जाणारी नस अक्षरशः द्राविडी प्राणायाम करते. मेंदूकडून मानेतून खाली छातीत उतरते, डावीकडची तर हृदयापाशी महाधमनीला वळसा घालते आणि तिथून परत वर घशाशी येते. इतकी लांब नस उतारवयात आधी झिजते. लॅब्रॅडॉरमध्ये हे सर्वांत जास्त दिसतं. नस गेली की फळ्या लुळ्या पडतात आणि श्वास ओढला की उघडण्याऐवजी आतच खेचल्या जातात. घरघर ती हीच.

आता तुमच्या नागपूरचा उन्हाळा डोळ्यांसमोर आण. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतो. चिकू तापला की जोरात धापा टाकणार, धापांनी घशाला सूज येणार, सुजेनं वाट आणखी अरुंद होणार, हवा कमी पडली की तो घाबरणार आणि जास्तच तापणार. हे चक्र एकदा सुरू झालं की हाताशी फार थोडा वेळ उरतो. म्हणून जो काही निर्णय घ्यायचा तो एप्रिलच्या आत, शांतपणे घ्या. संकटाच्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून घेतलेला निर्णय भीतीचाच असतो.

टाय-बॅकमध्ये सर्जन एका बाजूची, बहुधा डावी, फळी न विरघळणाऱ्या टाक्यानं कायमची बाहेर बांधून ठेवतो. श्वासाला वाट मिळते. बहुतेक कुत्र्यांना त्यानं मोठा आराम पडतो आणि तो लगेच जाणवतो. पण उघडं बांधलेलं दार गिळतानाही पुरतं मिटत नाही. जिथून वारा आत येतो तिथूनच पाण्याचा थेंब नि अन्नाचा कण फुप्फुसात उतरू शकतो, आणि त्यातून न्यूमोनिया होतो. ढोबळमानानं पाचांतल्या एका कुत्र्याला पुढे कधीतरी तो होईल असं धरून चाल. दोन्ही फळ्या बांधल्या तर हा धोका फार वाढतो, म्हणून एकच बांधतात.

आणि ऑपरेशननं मूळ आजार थांबत नाही. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या अभ्यासकांनी दाखवून दिलं, की उतारवयातला हा आजार एकट्या घशाचा नसतो, शरीरातल्या इतर नसाही हळूहळू झिजत जातात. पुढे चिकूचे मागचे पाय लटपटतील, चालताना नखं जमिनीला घासतील. हे आजच मनाशी धर, म्हणजे उद्या पाय अडखळला तर ऑपरेशन फसलं असं वाटणार नाही.

म्हणून मला तुला मुख्य सांगायचं ते हे. ऑपरेशन सर्जन एका दिवसात करेल. त्यानंतर त्या उघड्या दाराची राखण तुम्हाला रोज करायची आहे, तो जगेल तोवर. "भूल द्यायची का" याआधी "राखण जमेल का" हे घरात विचारा. ताकभात, दूध-पोळी कायमची बंद. घट्ट मळलेले लाडवाएवढे गोळे, एकेक करून, सावकाश भरवायचे. भुगा होणारं कोरडं खाणं नको. पाणी थोडं थोडं ठेवायचं. पोहणं संपलं, फुटाळा तलावाच्या काठाने फिरव, पण पाण्यात उतरू देऊ नकोस. पहिले सहा आठवडे उड्या नाहीत, भुंकायला निमित्त नाही. ताप, खोकला, अन्नावरून मन उडालेलं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. तुम्ही दोघं ऑफिसला गेल्यावर दुपारचे गोळे तुझी आई, आमची ताई, भरवेल ना? तिचे गुडघे दुखतात. तिला गृहीत धरू नकोस, समोर बसून विचार. ती हो म्हणाली, तर निम्मा प्रश्न सुटला.

आधी छातीचा एक्स-रे काढून घे. त्यात अन्ननलिका फुगलेली दिसली, किंवा तो खाल्लेलं वारंवार बाहेर टाकत असेल, तर ऑपरेशनचा आग्रह धरू नकोस. न्यूमोनियाचा धोका फार मोठा होतो. रक्ताची आणि थायरॉइडची तपासणीही हवी. हलकी भूल देऊन, श्वास चालू असताना घशात पाहिल्याशिवाय पक्कं निदान होत नाही. तीच भूल पुढे वाढवून त्याच वेळी ऑपरेशन करता येईल का, ते विचार, म्हणजे त्याला दोनदा भुलीतून उठावं लागणार नाही. सर्जनला आणखी दोन प्रश्न संकोच न करता विचार: हे ऑपरेशन तुम्ही किती वेळा केलंय, आणि त्या रात्री ऑक्सिजन व जागं माणूस त्याच्याजवळ असेल का? चांगला सर्जन या प्रश्नांनी दुखावत नाही.

आजार सौम्य असेल आणि घरघर फक्त फिरून आल्यावरच होत असेल, तर थांबता येतं. वजन उतरव, पहाटे उन्हं यायच्या आत फिरव, दुपारी कूलरच्या खोलीत ठेव. पण बसल्या जागी, झोपेतही घरघर चालू असेल, तर थांबण्यानं काही हाती लागणार नाही. आणि कधी ऑपरेशनही शक्य नाही, श्वासही पुरत नाही, अशी वेळ आली, तर गुदमरू न देता त्याला शांतपणे निरोप देणं हीसुद्धा राखणच आहे. तो प्रश्न डॉक्टरांना आधीच विचारून ठेव.

तुझ्या सांगण्यावरून चिकूचे पाय अजून भक्कम आहेत, भूक चांगली आहे. तपासण्या नीट आल्या आणि ताई हो म्हणाली, तर मी ऑपरेशन करून घेईन. त्याचं भुंकणं पूर्वीसारखं परत येणार नाही, घोगरंच राहील. पण रात्री तो झोपू शकेल.

एक्स-रे झाला की त्याच संध्याकाळी मला कळव. ऑपरेशन ठरलं तर तारीख सांग, आठवडाभर राहायच्या तयारीनंच येतो. पहिले गोळे ताईला मी करून दाखवीन. आणि हे पत्र वाचून झालं की उठ आणि चिकूच्या गळ्यातला पट्टा काढ. छातीवर बसणारा हार्नेस उद्या आण, पण पट्टा आजच काढ.

तुझा,
मामा