दोन वाघ, चार नवखे शिलेदार

प्रश्न : आम्ही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ २०१४च्या नियमांनी खेळतो. मी टिपेश्वरच्या जंगलावर साहस रचलं. पहिल्याच चकमकीत दोन वाघांनी पहिल्या पातळीची चारही पात्रं संपवली. कुठे चुकलं?
– एक वाचक, पांढरकवडा

उत्तर : एका वाघाचे २०० अनुभवगुण (XP), दोघांचे ४००. पण एकापेक्षा जास्त शत्रू असले की काठिण्य वाढतं, म्हणून दोघांसाठी दीडपट धरतात : ६००. तुमच्या चौघांसाठी ‘मध्यम’ चकमक २०० गुणांची आणि ‘प्राणघातक’ ४००पासून सुरू होते. म्हणजे ती हद्द तुम्ही बरीच ओलांडली होती.

तरी निव्वळ बेरजेवर विसंबू नका. एकटा वाघही कागदावर ‘मध्यम’च दिसतो, पण २० फूट सरळ धावून झेप घेतली आणि पंजा लागून भक्ष्य आडवं पडलं, तर त्याच पाळीत चावाही घेतो. पहिल्या पातळीचा जादूगार तेवढ्यात कोसळतो. त्यामुळे मी आकड्यांपेक्षा जागेकडे आधी बघतो. मध्ये नाला, खडक, सागाचे बुंधे ठेवा. सरळ धाव मिळाली नाही की झेपच जमत नाही. आधी पगमार्क आणि वानरांचा इशारा द्या, म्हणजे वाट बदलायची संधी मिळेल.

आणि वाघाला मरेपर्यंत लढवू नका. त्याच्या ३७ प्राणगुणांपैकी (हिट पॉइंट्स) निम्मे गेले की तो झाडीत शिरू दे. टिपेश्वरचाच ‘वॉकर’ वाघ २०१९मध्ये थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता. तुमचा वाघही पुढच्या सत्रात दुसऱ्याच तालुक्यात भेटू शकतो.