तलावाच्या जागी वसलेले नगर
मद्रासमधील त्यागरायनगर : माणसे, घरे आणि जमिनीचे मोल

एखाद्या उपनगराचा अभ्यास करावयाचा म्हणजे प्रथम तीन प्रश्न विचारावयाचे. तेथे कोण राहते? ते कशा घरात राहते? आणि त्या घरासाठी त्याला काय मोजावे लागते? हे तीन प्रश्न एकमेकांत इतके गुंतलेले असतात की एकाचे उत्तर बदलले म्हणजे उरलेल्या दोहोंची उत्तरेही बदलतात. परंतु मद्रास शहराच्या (१९९६ पासून चेन्नई) बाबतीत आणखी एक चौथा प्रश्न विचारल्यावाचून गत्यंतर नाही. घर होण्यापूर्वी ती जमीन काय होती, हा तो प्रश्न होय. घरांचा बाजार पहिल्या तीन प्रश्नांची दखल घेतो. चौथ्याची घेत नाही. त्याचे परिणाम काय होतात हे पाहण्यासाठी आपण त्यागरायनगर हे एकच उपनगर घेऊ. लोक त्याला ‘टी. नगर’ या सुटसुटीत नावाने ओळखतात.

तलाव आणि आखणी

विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासच्या नैर्ऋत्येस, माउंट रोडच्या पलीकडे, नुंगमबाक्कमपासून सैदापेटच्या दिशेने एक लांबच लांब जलाशय पसरलेला होता. इंग्रज त्याला ‘लाँग टँक’ म्हणत. नुंगमबाक्कम आणि मांबलम या गावांचे तलाव मिळून तो झाला होता. तमिळ प्रदेशात अशा तलावाला ‘एरी’ म्हणतात. पावसाळ्यात उताराचे पाणी बांध घालून अडवावयाचे, खालच्या शेतांना ते द्यावयाचे आणि जास्त झालेले पुढच्या तलावात अथवा नदीत सोडावयाचे, अशी ही व्यवस्था शतकानुशतके चालत आली होती. तलावाची निगा राखण्यात शेतकऱ्याचा स्वार्थ होता. शेतांचे भूखंड होऊ लागले तेव्हा हा राखणदार नाहीसा झाला आणि तलाव म्हणजे केवळ अडवून ठेवलेली जागा, असे नगररचनाकारांना वाटू लागले.

जागेची निकड तर होतीच. १९२१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे सव्वापाच लाख होती. १९३१ मध्ये ती साडेसहा लाखांजवळ पोहोचली. १९२० साली मद्रास इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला होता. त्याच्या आधारे जस्टिस पक्षाच्या राजवटीत मांबलमची गृहयोजना हाती घेण्यात आली. तलाव क्रमाक्रमाने आटवून तेथे रस्ते आखण्यात आले. मध्यभागी एक बाग ठेवून तिला तत्कालीन मुख्यमंत्री पानगल राजे यांचे नाव देण्यात आले आणि सबंध वसाहतीला १९२५ मध्ये निधन पावलेले जस्टिस पक्षाचे नेते पी. त्यागराय चेट्टी यांचे. उस्मान रोड, जी. एन. चेट्टी रोड ही नावेही त्याच काळातील सार्वजनिक पुरुषांची आहेत.

मराठी वाचकाला येथे मुंबईच्या सुधार न्यासाने आखलेल्या दादर-माटुंगा योजनेची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. काळ जवळचा, हेतूही तोच : दाट वस्तीतून मध्यमवर्गाला बाहेर काढून झाडे, बागा आणि रुंद रस्ते असलेल्या जागी वसवावयाचे. दोन्हीकडे विजेच्या आगगाडीने या योजनांना बळ दिले. मुंबईत ती १९२५ मध्ये आली, मद्रासमध्ये १९३१ मध्ये. मद्रास बीच ते तांबरम या मार्गावर मांबलमचे स्थानक होते. एक मोठा फरक मात्र ध्यानी घ्यावयास हवा. दादर-माटुंग्यास प्रामुख्याने इमारती उभ्या राहिल्या. त्यागरायनगरात भूखंड विकले गेले आणि प्रत्येक भूखंडावर एका कुटुंबाचा बंगला उभा राहिला.

तलाव गेला तरी नावे राहिली. पश्चिम मांबलममध्ये ‘लेक व्ह्यू रोड’ आहे, नुंगमबाक्कममध्ये ‘टँक बंड रोड’ आहे. तेथून ना तलाव दिसतो ना बांध. मुंबईच्या धोबीतलावावर उभ्या असलेल्या माणसाला याचे आश्चर्य वाटणार नाही.

पहिले रहिवासी

या नव्या वसाहतीत प्रथम आले ते सरकारी नोकर, वकील, डॉक्टर, शिक्षक आणि निवृत्तिवेतनधारक. रेल्वेमार्गाच्या पूर्वेस आखीव त्यागरायनगर आणि पश्चिमेस फारशा आखणीवाचून वाढलेले पश्चिम मांबलम, अशी विभागणी झाली. एकाच स्थानकावर उतरणाऱ्या दोन कारकुनांपैकी एक पूर्वेस वळे, दुसरा पश्चिमेस. आणि त्यावरूनच त्यांच्या ऐपतीतील अंतर कळून येई. १९१८ साली स्थापन झालेल्या दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेनेही आपले कार्यालय येथेच थाटले. शेजारच्या कोडंबाक्कममध्ये चित्रपटांचे स्टुडिओ निघाले तेव्हा कलावंतांची घरे येथे झाली. शिवाजी गणेशन यांचे निवासस्थान येथलेच. राजाजी बजलुल्ला रोडवर राहत. के. कामराज नऊ वर्षे मुख्यमंत्री होते. परंतु स्वतःचे घर त्यांनी केले नाही. तिरुमलै पिळ्ळै रोडवरील भाड्याच्या घरात २ ऑक्टोबर १९७५ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे त्या घराचे स्मारक करण्यात आले.

भाडेकरू हा या उपनगराचा दुसरा रहिवासी. बंगल्याचा वरचा मजला अथवा मागील बाजूच्या खोल्या भाड्याने देऊन मालक आपल्या उत्पन्नात भर घालीत. १९६० च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण मिळाले. मालकांनी त्यावर आपला उपाय शोधला. दहा महिन्यांचे भाडे अनामत म्हणून आगाऊ घेण्याची पद्धत शहरात रूढ झाली. २०१७ च्या आणि २०१९ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने, वेगळा करार नसल्यास, ही रक्कम तीन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली.

बंगल्याच्या सदनिका कशा झाल्या

येथून पुढचा बदल समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. मद्रासमध्ये जमीन ‘ग्राउंड’ या मापाने मोजतात. एक ग्राउंड म्हणजे २,४०० चौरस फूट. सचिवालयातील एका अधीक्षकाने १९३५ च्या सुमारास दोन ग्राउंड, म्हणजे ४,८०० चौरस फूट भूखंड घेऊन बंगला बांधला. अंगणात विहीर आणि नारळाची झाडे होती. मृत्युपत्र न करता तो वारला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार त्याची पत्नी आणि चार मुले, मुलीसुद्धा, समान वारस झाली. पत्नीच्या मागे तिचा वाटाही मुलांकडेच आला. आता एका बंगल्याचे चार भाग करावयाचे कसे? एक मुलगा दिल्लीत, एक परदेशी. बंगला वाटता येत नाही. सदनिका मात्र वाटता येतात. सत्तरीच्या आणि विशेषतः ऐंशीच्या दशकात बांधकाम व्यावसायिक पुढे आला तो या कौटुंबिक अडचणीवर तोडगा घेऊन. जमीन तुमची, पैसा माझा, सदनिका निम्म्या-निम्म्या!

शहरात दीर्घकाळ चटईक्षेत्र निर्देशांक सर्वसाधारणपणे दीड होता. म्हणजे भूखंडाच्या दीडपट बांधकाम करता येई. आपल्या उदाहरणात ४,८०० ची दीडपट ७,२०० चौरस फूट. त्यातून प्रत्येकी ९०० चौरस फुटांच्या आठ सदनिका झाल्या. चार वारसांना, चार विक्रीला. जेथे एक कुटुंब नांदत होते तेथे आठ कुटुंबे आली. पाणी, सांडपाणी आणि रस्ता यांची व्यवस्था मात्र एका कुटुंबाच्या हिशेबानेच केलेली होती.

या व्यवहारातील मालकीचे स्वरूप महाराष्ट्रातील वाचकाला अपरिचित वाटेल. मुंबई-पुण्याकडे सदनिकाधारकांची सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन होते आणि जमीन त्या संस्थेच्या नावे होणे अपेक्षित असते. मद्रासमध्ये प्रत्येक खरेदीदाराला जमिनीचा अविभक्त हिस्सा स्वतःच्या नावे मिळतो. आपल्या उदाहरणात ४,८०० भागिले आठ, म्हणजे प्रत्येकी ६०० चौरस फूट. हा हिस्सा बोट ठेवून दाखविता येत नाही, पण खरेदीखतात तो लिहिलेला असतो. किंबहुना प्रथम या हिश्श्याचे खरेदीखत करावयाचे आणि बांधकामाचा करार वेगळा, अशीच रीत येथे दीर्घकाळ होती.

इमारत जुनी होते तसे विटा-सिमेंटचे मोल घटत जाते. हिश्श्याचे मोल वाढत जाते. म्हणून त्यागरायनगरातील चाळीस वर्षांची, ओल धरलेली सदनिकासुद्धा महाग असते. तेथे घर विकले जात नाही, जमीन विकली जाते. २०१९ च्या नियमांनी सर्वसाधारण इमारतींसाठी निर्देशांक दोनवर नेला आणि २०२२ च्या कायद्याने दोनतृतीयांश सदनिकाधारकांच्या संमतीने पुनर्बांधणीची वाट मोकळी केली. आपल्या भूखंडावर आता ९,६०० चौरस फूट बांधता येईल. आठ जुन्या मालकांना पूर्वीइतक्याच ९०० चौरस फुटांच्या नव्या सदनिका दिल्या तरी २,४०० चौरस फूट विक्रीस उरतात. परंतु नव्या खरेदीदारांनाही जमिनीत वाटा द्यावा लागतो. प्रत्येक जुन्या मालकाचा हिस्सा ६०० वरून ४५० चौरस फुटांवर येतो. नवे घर मिळते ते जमिनीचा चौथा भाग देऊन. करारावर सही करणाऱ्या वृद्ध रहिवाशाला हा हिशेब कोणी समजावून सांगतोच असे नाही.

बाजार आला, वस्ती सरकली

मांबलम स्थानकातून उस्मान रोडकडे जाणारी रंगनाथन स्ट्रीट ही एक अरुंद गल्ली. स्थानकातील प्रवाशांनी तिला बाजार बनविले. रेशमी साड्या, सोने आणि भांडी यांच्या खरेदीसाठी तांबरम-चेंगलपट्टूपासून लोक येऊ लागले. पाँडी बाजार, पानगल बाग यांच्या भोवतीही तेच घडले. दुकानांकडून येणाऱ्या भाड्यापुढे कुटुंबाकडून मिळणारे भाडे टिकेना. नगररचनेचे नियम मोडून मजले चढले. १९९८ मध्ये अशी बांधकामे दंड घेऊन नियमित करण्याची तरतूद झाली. २०११ च्या ऑक्टोबरात रंगनाथन स्ट्रीट आणि उस्मान रोडवरील काही मोठ्या दुकानांना टाळे ठोकण्याची वेळ आली. २०१९ मध्ये पाँडी बाजारात रुंद पादचारी मार्ग झाला आणि चालणाऱ्यांची सोय झाली. परंतु बाजाराला गिऱ्हाईक लागते, शेजारी लागत नाही, हे सत्य त्याने बदलत नाही.

याचे प्रतिबिंब लोकसंख्येच्या आकड्यांत पाहावयास मिळते. १९५१ ते १९७१ या काळात शहराची लोकसंख्या १४ लाखांवरून सुमारे २५ लाखांवर गेली होती. उलट २००१ ते २०११ या दशकात चेन्नई जिल्ह्याची वाढ जेमतेम सात टक्के झाली. त्याच दशकात लगतच्या कांचीपुरम जिल्ह्याची वाढ सुमारे ३९ टक्के आणि तिरुवळ्ळूरची ३५ टक्के होती. शहर वाढावयाचे थांबले नव्हते. ते शहराच्या सीमेबाहेर वाढत होते. २०११ मध्ये महापालिकेची हद्द १७४ वरून ४२६ चौरस किलोमीटर करण्यात आली, ती या वस्तुस्थितीची उशिरा दिलेली कबुली होती. आजोबांच्या त्यागरायनगरात ज्याला सदनिका परवडली नाही तो नातू वेळच्चेरीला, मुडिच्चूरला किंवा त्याही पलीकडे गेला.

पाण्याचा हिशेब

तो कोठे गेला? पुन्हा सखल जमिनीवरच. वेळच्चेरीचा तलाव आक्रसत गेला. २००७ मध्ये उन्नत रेल्वे तेथे पोहोचली आणि जमिनीचे भाव चढले. शेजारच्या पळ्ळिकरणैच्या दलदलीचा बराच भाग भराव, कचरा आणि इमारती यांखाली गेल्यावर उरलेल्या भागाला २०२२ मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. १९२० च्या दशकात एका तलावाच्या बाबतीत जे घडले ते पुढे अनेक तलावांच्या बाबतीत घडले. मात्र त्यागरायनगराला निदान आखणी लाभली होती.

१ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झालेल्या पावसाने चोवीस तासांत तांबरम येथे ४९ सेंटिमीटरची नोंद केली. अड्यार नदी पात्राबाहेर आली. वेळच्चेरी, मुडिच्चूर, सैदापेट, पश्चिम मांबलम जलमय झाले. २०२१ च्या नोव्हेंबरात त्यागरायनगरच्या रस्त्यांवर पुन्हा पाणी साचले. आणि या दोहोंच्या मध्ये, २०१९ च्या उन्हाळ्यात, शहराला पाणी पुरविणारे चारही प्रमुख जलाशय कोरडे पडले होते. लोक टँकरच्या रांगेत उभे होते. पूर आणि टंचाई या परस्परविरोधी आपत्ती नव्हेत. पावसाचे पाणी थोपवून धरणारी जागा नाहीशी झाली म्हणजे ते पावसाळ्यात घरात शिरते आणि उन्हाळ्यात विहिरीत नसते.

घराच्या जाहिरातीत चौरस फूट असतात, स्थानकापासूनचे अंतर असते, शाळा आणि रुग्णालय असते. जमिनीचा पूर्वेतिहास नसतो. तो महसुली दप्तरात सापडतो. ज्याप्रमाणे आपल्याकडे सातबारा, त्याप्रमाणे तेथे पट्टा. आणि सार्वजनिक जमिनीसाठी ‘पोरंबोक’ हा शब्द आहे. ‘एरी पोरंबोक’ अशी नोंद असेल तर ती तलावाची जमीन होय. तमिळनाडूने २००७ मध्ये तलावांच्या संरक्षणाचा कायदा केला. परंतु जी जमीन कायदेशीरपणे, सरकारी योजनेनेच तलावातून काढली गेली तिला तो लागू पडून उपयोग नाही. त्यागरायनगर हे अशा जमिनीचे उदाहरण आहे. तेथे कोणी अतिक्रमण केले नाही, कोणी कायदा मोडून तलाव बुजविला नाही. सद्हेतूने, नकाशा काढून, मध्यमवर्गाला चांगली घरे मिळावीत म्हणून ते वसविण्यात आले आणि तीन पिढ्यांना त्याने चांगली घरे दिली हेही खरे.

म्हणूनच त्याचा अभ्यास अधिक मोलाचा ठरतो. अधीक्षकाच्या अंगणातील विहिरीला पाणी होते, कारण जुन्या तलावाची ओल अजून जमिनीत होती आणि पाऊस मुरावयास मोकळी माती होती. त्याच भूखंडावरील आठ कुटुंबांच्या अंगणात आज मोटारी उभ्या आहेत आणि खाली फरशी आहे. २००३ मध्ये प्रत्येक इमारतीला पावसाचे पाणी जमिनीत मुरविणे सक्तीचे झाले. म्हणजे जे काम तलाव फुकट करीत होता ते आता घरोघरी खड्डे खणून करावयाचे आहे. घर विकत घेणाऱ्याने भावाची चौकशी अवश्य करावी. परंतु त्यापूर्वी गावचा जुना नकाशा मागून घ्यावा आणि आपण घेत असलेल्या जागी शंभर वर्षांपूर्वी काय होते ते पाहावे. बाजार ते सांगत नाही. पाऊस सांगतो, पण तेव्हा फार उशीर झालेला असतो.