वणवा आणि आकाशातील पहारेकरी

होळी होऊन गेली, की मावळ आणि खेड ह्या तालुक्यांतील डोंगरांचा रंग पालटू लागतो. श्रावणात हिरवेगार दिसणारे उतार आता पिवळे पडतात. कुसळीचे गवत इतके वाळते, की पायाखाली ते कुरकुरते. करवंदीच्या जाळ्यांखाली पाचोळ्याचे थर साचतात. निष्पर्ण पळसावर तेवढा केशरी फुलांचा बहर असतो. आणि दुरून पाहणाऱ्यास क्षणभर वाटते, की डोंगरास आग लागली आहे. दुर्दैवाने, पुष्कळदा ती आग खरीच असते.

ह्या डोंगरांच्या पायथ्याशी एक निराळेच जग वसले आहे. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा औषधांचा कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. पुढे पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि चाकण ह्या परिसरात कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. देहूजवळचा भंडारा डोंगर किंवा चाकणजवळचा भामचंद्र डोंगर चढून गेल्यास एकीकडे प्राचीन लेणी दिसतात, आणि संत तुकारामांनी येथेच एकांतात चिंतन केले, ही परंपरा आठवते. दुसरीकडे कारखान्यांची पत्र्याची छपरे उन्हात चकाकत असतात. ह्या दोहोंच्या मध्ये असतो तो वाळलेल्या गवताचा पट्टा. एक ठिणगी पडावयाचा अवकाश, की त्या पट्ट्यात वणवा पेटतो.

ही ठिणगी कोठून येते? आपल्याकडील बहुतेक वणव्यांस माणूसच कारणीभूत असतो. कोणी विडीचे पेटते थोटूक फेकतो. कोणी सहलीस येऊन चूल मांडतो आणि ती न विझविताच निघून जातो. भातशेतीच्या भागात राब भाजताना विस्तव वाऱ्याने बांधापलीकडे जातो. जुने गवत जाळले म्हणजे नवे गवत जोमाने येते, ह्या समजुतीने कोणी मुद्दामच काडी ओढतो. राखीव जंगलास आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणे गुन्हा आहे. पण गुन्हेगार सापडला, तरी जळालेले रान परत येत नाही. टिटवी, तित्तर आणि लावा हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. पाखरू उडून जाईल. अंडी कोठे जातील? कोवळी रोपे आणि मातीत पडलेले बी जळते. उघडी पडलेली माती पहिल्याच वळवाने ओढ्यात वाहून जाते.

अग्नीस जगावयास तीन गोष्टी लागतात: जळण, हवा आणि उष्णता. ह्यांपैकी एक काढून घेतली, की तो मरतो. म्हणूनच वन विभागाचे कर्मचारी उन्हाळ्याच्या आरंभी जंगलात जाळरेषा काढतात. जाळरेषा म्हणजे गवत व पाचोळा काढून मोकळा केलेला पट्टा. तेथवर आलेल्या वणव्यास पुढे खावयास काही उरत नाही. आग पेटल्यावर हिरव्या फांद्यांनी झोडपूनही ती विझवितात, कारण त्यामुळे तिची हवा तुटते. परंतु डोंगरावरील आगीचा एक गुण फार घातक असतो. ती चढावर धावते. ज्वाळा वरच्या गवतास आधीच तापवून ठेवतात व ते झटकन पेट घेते. चढ दहा अंशांनी वाढला, की आगीचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा अभ्यासकांचा ठोकताळा आहे. म्हणजे वीस अंशांच्या चढावर तोच वणवा सपाटीपेक्षा चौपट वेगाने धावेल. मार्च २०१८ मध्ये तामिळनाडूतील कुरंगणीच्या डोंगरात अशाच वणव्याने भ्रमंतीस गेलेल्या वीसहून अधिक माणसांचे प्राण घेतले.

तेव्हा वणव्याशी लढणाऱ्यास पहिल्याने कळावयास हवे, ते हे, की आग कोठे आहे आणि कोणीकडे चालली आहे. पूर्वी ही वार्ता धूर पाहून किंवा धावत आलेल्या गुराख्याकडून मिळे. २००४ पासून डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या साहाय्याने वणव्यांची सूचना देऊ लागली. आज ही सूचना भ्रमणध्वनीवर येते. २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पात उंचावर कॅमेरा बसवून धूर आपोआप ओळखणारी यंत्रणा सुरू झाली. परंतु उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा डोक्यावरून जातो. अशा एका उपग्रहाच्या चित्रातील लहानात लहान चौकट ३७५ मीटर लांब व तेवढीच रुंद, म्हणजे सुमारे १४ हेक्टरांची असते. त्या चौकटीत कोठेतरी आग आहे, एवढेच तो सांगतो. ती ओढ्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, तिच्या वाटेत माणसे आहेत की नाहीत, हे त्यास सांगता येत नाही.

हे काम ड्रोन करतो. ड्रोन म्हणजे वैमानिकाला जमिनीवरच ठेवून उडणारे विमान. ऑक्टोबर २००७ मध्ये कॅलिफोर्नियातील वणव्यांवर अमेरिकेच्या नासा ह्या संस्थेने ‘इखाना’ नावाचे असे मोठे विमान उडविले होते व आगीची चित्रे खाली लढणाऱ्यांस पुरविली होती. आता तेच काम दोन हातांत मावणारे यंत्र करू शकते. त्याच्या पोटाशी उष्णता टिपणारा कॅमेरा असतो. डोळ्यांना जेथे नुसता धूर दिसतो, तेथे ह्या कॅमेऱ्यास धुराआडची आग दिसते. त्यालाही मर्यादा आहेत. दाट पानांच्या छताखालचे त्यास नीट दिसत नाही. भर दुपारी तापलेला कातळही त्यास आगीसारखाच भासतो. शिवाय लहान ड्रोनची बॅटरी अर्ध्या तासाच्या आसपासच पुरते.

असे यंत्र विकत घेणे सोपे. परंतु त्याचे पथक उभे करणे व चालविणे अवघड असते. ते काम कसे चालते, हे समजण्यासाठी एका प्रसंगाची कल्पना करू.

चैत्रातील दुपार आहे. भामचंद्राच्या उतारावर धूर दिसताच वन विभागाचे पथक पायथ्याशी पोचते. पथकात चार जण आहेत. एक ड्रोन चालविणारा. दुसरा आकाशावर, वाऱ्यावर व विजेच्या तारांवर नजर ठेवणारा. तिसरा पडद्यावरील चित्र नकाशावर उतरवून आग विझविणाऱ्यांस बिनतारी यंत्राने कळविणारा. चौथ्या आहेत पथकप्रमुख, एक महिला वनक्षेत्रपाल. त्यांच्या हाती कोणतेच यंत्र नाही. निर्णय घेणे हेच त्यांचे काम.

त्या प्रथम परवानगी तपासतात, वारा पाहतात, आणि मग जवळ उभ्या असलेल्या एका वृद्ध गुराख्याकडे वळतात.

“बाबा, ह्या वेळेस वारं कुठून येतं?”

“बाईसाहेब, आता खालून येतंय. पण ऊन कललं, की त्या घळीतून वर चढतं. घळ म्हणजे धुराडंच समजा.”

त्या नकाशावर घळीपाशी तांबडी खूण करतात आणि मगच ड्रोन उडविण्याची आज्ञा देतात.

पडद्यावर आग धनुष्याच्या आकाराची दिसते. सगळ्या वणव्याचा नकाशा करावयाचा, असे ठरलेले असते. अर्धा नकाशा होतो न होतो, तोच धनुष्याचे डावे टोक घळीत शिरते. घळीच्या माथ्यावर सहा मजूर फांद्यांनी आग झोडपीत आहेत. धुरामुळे त्यांना खालचे काहीच दिसत नाही.

पथकप्रमुख म्हणतात, “नकाशा राहू द्या. ड्रोन त्या माणसांवर न्या. त्यांना सांगा, वर पळू नका. उजवीकडे, जळून काळ्या झालेल्या जमिनीवर उतरा.”

जळून गेलेल्या जमिनीवर आगीस पुन्हा खावयास काही नसते. तीच त्या वेळी सर्वांत सुरक्षित जागा होय. माणसे उतरू लागतात. एक, दोन, तीन... पाच जण काळ्या जमिनीवर दिसतात.

“बाई, बॅटरी संपत आली. आता बोलावले नाही, तर ड्रोन परत येणार नाही,” चालक सांगतो.

“सहावा माणूस दिसला का?”

“नाही.”

“मग थांबा. परत आणता आला नाही, तर जळून गेलेल्या भागात मोकळा कातळ पाहून तेथेच उतरवा.”

काही क्षण जातात. धुराच्या पडद्याआडून एक पांढरा ठिपका सरकताना दिसतो. सहावा माणूस काळ्या जमिनीवर येतो. पाठोपाठ घळ धडाडून पेटते. ड्रोन कातळावर उतरतो, तो दुसऱ्या दिवशी काजळलेला सापडतो. त्या ड्रोनने त्या दिवशी एकही ज्वाळा विझविली नाही. आग विझविली ती माणसांनीच, अंधार पडेपर्यंत झोडपून. ड्रोनने एवढेच केले, की त्या माणसांना डोळे दिले.

पथकाचे काम तेवढ्यावर संपत नाही. पहाटे कातळ थंड झालेला असताना दुसरा ड्रोन पुन्हा उडतो. वरून विझल्यासारख्या दिसणाऱ्या खोडात धुमसणारा विस्तव तो दाखवितो. त्यावर माती व पाणी टाकले जाते. असा विस्तव मागे राहिला, तर दुपारच्या वाऱ्याबरोबर वणवा पुन्हा उठतो.

ड्रोन उडविण्याएवढेच तो केव्हा उडवू नये, हे जाणणेही महत्त्वाचे असते. एप्रिल २०२४ मध्ये नैनितालजवळच्या वणव्यावर भारतीय हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने भीमतालच्या तलावातून पाणी उचलून ओतले होते. अशी विमाने धुरातून फार खालून उडतात. त्यांच्या वाटेत एखादा ड्रोन आला, तर काय होते? जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजलिस येथे भयंकर वणवे पेटले होते. पाणी टाकण्यासाठी कॅनडाहून आलेल्या एका विमानाच्या पंखावर कोणा खाजगी व्यक्तीचा ड्रोन आदळला. पंखास भोक पडले. विमान सुखरूप उतरले, हे सुदैव. परंतु गावे जळत असताना ते दुरुस्तीसाठी जमिनीवर अडकून पडले. एका माणसाच्या कुतूहलाची ही किंमत होती.

म्हणूनच भारतात २०२१ साली ड्रोनविषयी नियम करण्यात आले. त्यांत आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे भाग पाडले आहेत. हिरव्या भागातही साधारणतः ४०० फुटांपर्यंतच उडता येते. पुण्याचा लोहगाव विमानतळ हा हवाई दलाचाही तळ असल्यामुळे ह्या परिसरात आधी नकाशा पाहणे अगत्याचे ठरते. मोठे ड्रोन चालविण्याचे प्रमाणपत्र मिळवावयाचे, तर वयाची १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात, दहावी उत्तीर्ण असावे लागते व रीतसर शिक्षण घ्यावे लागते.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण येथील कारखान्यांत यंत्रे घडविणारे कुशल हात पुष्कळ आहेत. यंत्र घडविण्यास कौशल्य लागते, चालविण्यास सराव लागतो. परंतु यंत्र आणि माणूस ह्यांपैकी कोणास आधी वाचवावयाचे, हे ठरविण्यास विवेक लागतो. वनातील वृद्धाचा शब्द व आकाशातील कॅमेऱ्याचे चित्र ह्या दोहोंना जो मान देतो, तोच खरा पथकप्रमुख होय. आणि ज्यांच्या हाती ड्रोन नाही, त्यांनाही करण्याजोगे काम आहेच. डोंगर उतरताना चुलीवर एक घागर पाणी ओतले, तर आकाशातील पहारेकऱ्यास उडावेच लागणार नाही.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे द्या :
(अ) वणवे कोणत्या कारणांनी लागतात?
(आ) जाळरेषेमुळे वणवा कसा थांबतो?
(इ) उपग्रहाची सूचना मिळाली, तरी ड्रोनची गरज का भासते?
(ई) पहाटे ड्रोन पुन्हा का उडविला?

२. कारणे सांगा :
(अ) पथकप्रमुखांनी मजुरांना वर पळू नका, असे सांगितले.
(आ) लॉस एंजलिस येथे पाणी टाकणारे विमान जमिनीवर अडकून पडले.

३. ‘त्यांच्या हाती कोणतेच यंत्र नाही. निर्णय घेणे हेच त्यांचे काम.’ ह्या वाक्यांचे मर्म पाठातील प्रसंगाच्या आधारे आठ-दहा ओळींत लिहा.

४. पुढील शब्द वाक्यांत योजा : निष्पर्ण, ठोकताळा, धुमसणे, अगत्याचे, विवेक.

५. आपल्या गावाजवळच्या डोंगरावर किंवा माळावर वणवा लागला होता काय, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा व त्यांनी सांगितलेली हकीकत वहीत लिहा.