ठळक पायांचे अक्षर : पाटी, पेटी आणि बिलासाठी

दुकान थाटताना आपण जागा दहा वेळा पाहतो, मालाचा भाव चार ठिकाणी विचारतो. पाटीची वेळ आली की मात्र पेंटरला एवढेच सांगतो, "भाई, जरा मोठे आणि ठळक काढा." ठळक म्हणजे कोणत्या जातीचे अक्षर, हे आपण सांगत नाही आणि तोही विचारत नाही. पैसे खर्च होतात, पाटी लागते, आणि समोरच्या फुटपाथवरून नाव वाचता येत नाही. म्हणून या पाठात आम्ही इंग्रजी अक्षरांच्या एका उपयोगी जातीची ओळख करून देत आहोत. तिला स्लॅब सेरिफ म्हणतात.

ओळखावे कसे?

कॅपिटल आय हे अक्षर डोळ्यांसमोर आणा. मधला उभा दांडा, वर एक आडवी पट्टी, खाली एक आडवी पट्टी. या पट्टीला सेरिफ म्हणतात. वर्तमानपत्राच्या बारीक मजकुरात ती नाजूक आणि टोकाला निमुळती असते. स्लॅब सेरिफमध्ये ती जाड, चौकोनी, जवळजवळ दांड्याइतकीच भक्कम असते. लाकडी चौरंगाला जसे जाड पाय, तसे या अक्षराला पाय.

जन्म बाजारात

हे अक्षर विद्वानांच्या ग्रंथांसाठी घडलेले नाही, ते जाहिरातीसाठी घडले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये भिंतीवरच्या जाहिरातींची चढाओढ लागली. ग्रंथांची नाजूक अक्षरे दुरून दिसेनात. १८१५ च्या सुमारास व्हिन्सेंट फिगिन्स या खिळे ओतणाऱ्या कारागिराने जाड पायांची अक्षरे बाजारात आणली. पुढे या जातीला 'इजिप्शियन' नाव पडले. नेपोलियनच्या १७९८ च्या मिसर मोहिमेनंतर युरोपात मिसरी वस्तूंची मोठी हौस होती, त्या हवेत हे नाव चालले. मिसरच्या लिपीशी या अक्षराचा काही संबंध नाही. चालत्या हवेचे नाव मालाला देण्याची युक्ती तेव्हाही होतीच!

१८४५ साली रॉबर्ट बेस्ली याच्या ओतशाळेने 'क्लॅरेंडन' हे अक्षर काढले. यात दांडा आणि पाय जिथे मिळतात तिथला कोपरा गोलसर भरलेला असल्याने अक्षर मवाळ दिसते. बेस्लीने त्याची सरकारदरबारी नोंद केली, पण संरक्षण मिळाले फक्त तीन वर्षांचे. मुदत सरताच इतरांनी धडाधड नकला काढल्या. हा धडा आपल्या कारागिरांनीही लक्षात ठेवावा. बेस्ली मात्र खचला नाही. १८६९ मध्ये तो लंडनचा लॉर्ड मेयर झाला.

आज संगणकावर सहज मिळणारे 'रॉकवेल' हे अक्षर मोनोटाइप कंपनीने १९३४ साली काढले. त्यातला ओ जवळजवळ कंपासने काढल्यासारखा गोल असतो, रेघांची जाडी सगळीकडे सारखी दिसते, आणि कॅपिटल ए च्या शेंड्यावरही एक आडवी पट्टी असते. ही खूण पाहिली की रॉकवेल ओळखता येते.

कोठे वापरावे?

या अक्षरात बारीक रेघ नसते, हाच त्याचा मोठा गुण. म्हणून खडबडीत खोक्यावर, गोणीवर, रबरी शिक्क्यात, पत्र्यावरच्या ठशात किंवा लाकडी कोरीव कामात ते तुटत नाही. हार्डवेअर, फर्निचर, लोखंडी काम, बेकरी, चामड्याचा माल अशा धंद्यांना ते शोभते, कारण ते पाहताच मजबुतीची आठवण होते. अत्तर, जरीकाम, दागिने अशा नाजूक मालाला मात्र ते जड वाटते.

तीन गोष्टी सांभाळाव्यात. एक, ठळक अक्षर लहान छापले की ए, ई, एस यांची पोकळी शाईने भरते. म्हणून व्हिजिटिंग कार्डावर आणि बिलावर फक्त नाव ठळक ठेवावे, पत्ता साध्या अक्षरात द्यावा. दोन, हे अक्षर रुंद असते. लांबलचक नाव असेल तर दाबून बसवू नये, त्याच्या दोन ओळी कराव्यात. तीन, पाट्यांच्या धंद्यातला ढोबळ हिशेब असा की वाचणारा दहा फुटांवर असेल तर अक्षराची उंची निदान एक इंच हवी. रस्ता चाळीस फुटांचा असेल तर चार इंच.

मराठी अक्षराशी जोड

महाराष्ट्रात २०२२ च्या कायदा दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर देवनागरीतले मराठी नाव आधी हवे आणि ते इतर लिपीपेक्षा लहान असता कामा नये. नुसती उंची सारखी ठेवून भागत नाही. खाली जाड इंग्रजी आणि वर बारीक देवनागरी ठेवली तर मराठी नाव हरवते. देवनागरीचा दांडा इंग्रजीच्या दांड्याइतकाच जाड घ्यावा. देवनागरीला वेगळे पाय जोडण्याची गरज नाही, तिची शिरोरेषाच ते काम करते. उर्दूत नाव लिहायचे असेल तर नस्तालीकला वर-खाली ऐसपैस जागा सोडावी, कारण ती लिपी तिरकी उतरते.

शेवटचे दोन शब्द

नाव आणि खूण पक्की झाली की ट्रेडमार्कची नोंदणी करून घ्यावी. ती दहा वर्षे टिकते आणि दर दहा वर्षांनी वाढवता येते. आणि पाटीची ऑर्डर देण्यापूर्वी नाव कागदावर खऱ्या मापात छापून शटरवर चिकटवावे. मग रस्त्यापलीकडे जाऊन एकदा दुपारी आणि एकदा दिवे लागल्यावर पाहावे. सोबत एखाद्या वयस्क गिऱ्हाइकाला न्यावे. त्यांनी न अडखळता नाव वाचले, तरच पेंटरला आगाऊ रक्कम द्यावी.