आजचा श्लोक: गीता २.४८ आणि आजोबांचं घड्याळ

मुकुटबनच्या आजोबांचं चावीचं घड्याळ. तासाला १८,००० ठोके. आडवं ठेवलं की वेळ बरोबर. उभं धरलं की कधी पुढे, कधी मागे.

घड्याळजींनी बॅलन्स व्हील काढलं, हेअरस्प्रिंग सोडवली, आसाची दोन्ही टोकं गुळगुळीत पट्ट्यांवर टेकवली. चाक आपसूक फिरलं, जड बाजू खाली येऊन थांबलं. तिथलाच कणभर धातू खरवडला. पुन्हा टेकवलं, पुन्हा खरवडला. चाक कसंही ठेवलं तरी तिथेच थांबेपर्यंत.

यशापयशात सम राहा, हे भगवंतांनी अर्जुनाला रणांगणात सांगितलं, देवघरात नाही! माझी पहाटेची पूजा म्हणजे आडवं घड्याळ. साडेदहाला रिलीज फसलं की ज्युनियरवर ओरडतो. काल अप्रेझलचा मेल आला. मन गर्रकन फिरून 'माझं नाव कुठाय?' वर थांबलं. जड बाजू तीच.