जुन्या गिटार-ॲम्प्लिफायरचा खर्ज आणि स्पीकरची निवड

आमच्या लोधीखेड्यातील वाद्यवृंदाचा जुना व्हॉल्व्हचा गिटार-ॲम्प्लिफायर खर्जात इतका घुमतो की गायकाचे शब्दच बुडतात. अशा वेळी स्पीकर बदलावा हे खरे, पण कोणता घ्यावा? आकार सारखा म्हणजे गुण सारखा, असे मात्र नाही.

प्रत्येक स्पीकरच्या पडद्याची एक नैसर्गिक कंप्रता, म्हणजे दर सेकंदाची कंपनसंख्या, असते. त्या कंप्रतेला स्पीकरचा विजेला होणारा विरोध कित्येक पटींनी वाढतो. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचा पडद्यावरील ताबा सैल असल्यामुळे तेथे आवाज फुगतो. त्याखाली मात्र तो झपाट्याने उतरतो. गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंप्रता सुमारे ८२ हर्ट्झ. ब्रिटनच्या सेलेस्टियन कंपनीने १२ इंची स्पीकर ५५ आणि ७५ हर्ट्झ अशा दोन्ही प्रकारांत काढले आहेत. खर्ज आवरायचा असेल, तर मी ७५ चा निवडीन.

विद्यार्थी मित्रांनी आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. ओहम जुळले पाहिजेत. स्पीकरची वॅट-क्षमता ॲम्प्लिफायरपेक्षा अधिक असावी. संवेदनक्षमता ३ डेसिबलने कमी असेल, तर तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट शक्ती लागते. आणि जोडणी बदलताना स्पीकरवाचून ॲम्प्लिफायर कधीही वाजवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.